तिसरं पाकीट

मंगळवारच्या बोटीनं, डाकेच्या पोत्यांबरोबर
तुझं पाकीटही आलं, रूरी.
तिसरं.
खाकी, चेपलेलं, हलवलं की आत कडकड वाजणारं.
जकातीच्या चिठ्ठीवर लिहिलंय : शोभेच्या वस्तू.
शोभेच्या!

मी या बेटाचा पोस्टमन.
कुणाला पेन्शन, कुणाला कोर्टाचा कागद,
मर्डिना बाईंच्या मेंढ्यांना जंताचं औषध.
दुसऱ्याच्या पाकिटात नाक खुपसायचं नाही
हा नोकरीचा पहिला नियम,
आणि सहा वर्षं मी तो पाळला.

पण पहिलं पाकीट तू माझ्यासमोरच फोडलंस,
स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या.
पट्टीच्या पाठीवर नाव कुठल्याशा लिपीत,
वर एक दोरी ताणलेली
आणि तिला लोंबकळणारी अक्षरं,
तुझ्या आईनं वाळत घातलेल्या मोज्यांसारखी.
दोघांनाही त्यातलं ओ की ठो कळलं नाही.
"कळायचंय काय?" म्हणालास,
"गोळी वाचायची नसते."
आणि गिळलीस. चहाच्या घोटाबरोबर.

कातडीचा डॉक्टर समुद्रापलीकडून येतो.
तुझा नंबर चौदा महिन्यांनी.
तेवढ्यात इथं कोकरू मोठं होतं
आणि त्याला कोकरू होतं.
म्हणून तुला मूर्ख म्हणवत नाही मला.
शाळेत फोटोच्या दिवशी नेमका तू आजारी पडायचास.
अजूनही आईच्या आधी उठून
उशीचे अभ्रे स्वतः धुतोस,
आणि दाढी करतोस अंधारात,
हातानं चाचपत, रस्ता शोधल्यासारखी.

आता गाल निवळलेत. मान्य.
खरंच निवळलेत.
पण ओठ?
शनिवारी बँडच्या तालमीत
बॅगपाइपची नळी तोंडातून काढलीस
तेव्हा तिच्यावर रक्त होतं.
तू ते बाहीला पुसलंस.
मी माझ्या ढोलाकडे पाहत राहिलो.
जिना चढताना गुडघा धरतोस.
आणि हसू तुझं उशिरा येतं हल्ली, बोटीसारखं,
वारा असला की येतच नाही.

रात्री जागून वाचलंय मी :
ही गोळी देण्याआधी रक्त तपासतात,
महिन्यांनी पुन्हा तपासतात,
यकृत कसं आहे बघतात,
मन कसं आहे विचारतात.
कुणीतरी विचारतं, रूरी.
पाकिटातून कोण विचारणार?

तू वर्षानुवर्षं तोंड लपवलंस,
मी तीन महिने तोंड उघडलं नाही.
दोघांत धड तोंड असं एकही नाही.

आज तुझ्या वळणाच्या अलीकडे गाडी थांबवली.
पाकीट मांडीवर.
डावीकडे दलदल, काळी,
हातभर पुढं झालो असतो
तर तिनं मुकाट्यानं गिळलं असतं.
'पत्ता सापडला नाही' हा शिक्का
माझ्या थैलीतच असतो.
ज्या पत्त्यावर पंधरा वर्षं जेवलोय
तो मला सापडला नाही म्हणून!

तुझ्या हातात दिलं. सही घेतली.
मग बोललो ते सगळं उलटसुलट,
आधी यकृत, मग ओठ, मग उगाच हवामान.
तू म्हणालास,
"तुझ्या गालांवर जन्मात एक फोड आलेला नाही."
खरं होतं. झोंबलं.
पायरीवरच उभा राहिलो मी,
थंडीनं कान बधिर होईपर्यंत.

"गुरुवारी. नऊ चाळीस. नर्स रक्त घेईल,
ओरडणार नाही, मी विचारलंय.
पट्टी घेऊन ये, आहे तशी.
तिला ती अक्षरं दाखवू.
आणि आज घेऊ नकोस. आजची एक."

तू पाकीट उलटं केलंस, सुलटं केलंस.
हो म्हणाला नाहीस.
फोडलंही नाहीस.
दार ओढता ओढता एवढंच विचारलंस,
"त्या खटाऱ्याचा हीटर
दुरुस्त केलास का?"

नव्हता केला.

आत्ता रात्रीचे अकरा वाजलेत.
गाडीखाली उताणा पडलोय,
टॉर्च दातांत धरून.